गवताची चौकशी करावी

५ नोव्हेंबर, दुकानातून

साडूभाऊ,

वर 'प्रिय' लिहावं की 'आदरणीय', यावर काल आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. मी 'महोदय' म्हणालो. धाकटी म्हणाली, "नळाची तक्रार करताय का?" शेवटी नुसतं साडूभाऊ लिहिलं. नात्याने जे आहे तेच लिहिलं की कुणाला हरकत घ्यायला जागा राहत नाही.

फोनच केला असता. पण सहा वर्षांपूर्वी क्लबच्या पायऱ्या उतरताना तुम्ही म्हणालात, "यापुढे आपल्यात जे काय व्हायचं ते लेखी." जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाचा तो शब्द. म्हणून हा कागद.

विषय असा. हाडांच्या डॉक्टरांनी ताईंच्या गुडघ्यांना ऊन आणि कोरडी हवा सांगितली आहे. ते तुम्हाला माहीत असणारच, गुडघे तुमच्याच घरात राहतात. ताई आणि आमची धाकटी, या दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलतात, आपण दोघं बोलत नव्हतो तेव्हाही बोलत होत्या, आणि त्यांनी आपसात काय ते ठरवून टाकलंय. रविवारी जेवताना धाकटीने मला ऐकवलं.

"फेब्रुवारीत आठ दिवस वाळवंटात. चौघं. आम्ही दोघी उन्हात बसणार. तुम्ही दोघं गोल्फ खेळा, नाहीतर भांडा, पण आमच्या डोळ्यांसमोर."

मी म्हटलं, "ते यायचे नाहीत."

ती म्हणाली, "ताई तिकडे आत्ता हेच वाक्य ऐकत असेल."

ऐकलं का ताईंनी? सहज विचारतोय.

माहितीपत्रक मागवलंय. मुखपृष्ठावर निळंशार आभाळ, एक माणूस काठी उगारून उभा आणि त्याच्या पायाखाली हिरवंगार. वर्षातले तीनशे तीस दिवस ऊन. दोन खोल्या शेजारी-शेजारी, समोर सामाईक अंगण. तुम्ही सेवेतून मोकळे झालात, मीही आता दुकान सकाळचंच उघडतो. म्हणजे सवड नाही असं दोघांनाही म्हणता येणार नाही.

राहिला तो प्रसंग. त्याबद्दल एवढंच म्हणेन की बाराव्या होलवर जो काही गैरसमज झाला तो दोन्ही बाजूंनी झाला. मी तो कधीच विसरलो. तुम्हीही विसरावा.

सोबत एक कागद जोडला आहे. खोली तळमजल्यावर हवी की वरच्या, बुटाचं माप काय आणि काठ्या स्वतःच्या आणणार की तिथल्या घेणार, ते लिहून पाठवावं.

तुमचा साडू,
चष्मेवाला

ता. क. धाकटीने पत्र वाचलं. 'दोन्ही बाजूंनी' या शब्दांशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पाकीट चिकटवलं. तिचं ते बघणं तुम्हाला ठाऊक आहे, ताईंचंही तसंच असतं.


१९ नोव्हेंबर, दुकानातून

साडूभाऊ,

उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे माझंच पत्र, लाल शाईने तपासून परत आलेलं. 'बाराव्या' खोडून तुम्ही 'चौदाव्या' केलंय. 'दोन्ही बाजूंनी'च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय, ते इतकं मोठं की कागदाच्या मागे उमटलंय. आणि तळाशी एक ओळ: "तळमजला. नऊ नंबर. काठ्या स्वतःच्या. गवताची चौकशी करावी."

मी निराश झालो होतो. धाकटी मात्र कागद बघून टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

"येतायत," ती म्हणाली.

"कुठे लिहिलंय?"

"बुटाचं माप दिलंय. न येणारा माणूस बुटाचं माप देत नाही."

असो. चौदावा तर चौदावा. होलचा नंबर काही मी मनात धरून बसलेलो नाही.

गवताची चौकशी करावी हे मात्र तुमच्या स्वभावाला धरूनच झालं. माणूस मुंजीला, बारशाला, कुठेही गेला तरी आधी जमिनीकडे बघणार. साडूभाऊ, गोल्फ म्हटलं की गवत आलंच. वाळवंटात ते पाणी पाजून पाजून वाढवतात. मुखपृष्ठावर हिरवं ढळढळीत दिसतंय. ज्याची उभी हयात लोकांना स्पष्ट दिसेल असं करण्यात गेली त्याला एवढं दिसू नये? मी त्याच दिवशी आरक्षण करून टाकलं. १० फेब्रुवारीला निघायचं.

तुमच्या प्रश्नचिन्हाबद्दल. चौदाव्या होलपाशी, झुडपांच्या कडेला, दोन चेंडू हातभर अंतरावर पडले होते हे मी नाकारत नाही. कधी नाकारलंही नव्हतं. त्यातला कुठला कुणाचा याबद्दल आपली मतं वेगळी पडली. अंतिम सामना होता, बघायला तीसेक माणसं होती, ऊन होतं. अशा वेळी मी तुमच्या डोळ्यांच्या नंबराबद्दल जे बोललो ते एका व्यावसायिकाचं मत होतं. लोक हसले त्याला मी काय करणार? त्याबद्दल मला खेद आहे, म्हणजे लोक हसले याबद्दल.

कृपया हे पत्र तपासून परत पाठवू नये. धाकटी ते कपाटाला चिकटवते.

चष्मेवाला


११ डिसेंबर, दुकानातून

साडूभाऊ,

गवत नाही.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. बुटांना खिळे असावेत की नसावेत एवढंच विचारायला मी तिथे फोन लावला होता. पलीकडे एक शांत गृहस्थ होते. तिथले व्यवस्थापक, माळी आणि स्वयंपाकी सगळं तेच असावेत, कारण बोलताना मागे काहीतरी तळत होतं.

ते म्हणाले, "बूट कुठलेही चालतील. वाळूच आहे."

"वाळू बाजूने असेल ना. मी गवतावरचं विचारतोय."

"गवत नाही आमच्याकडे."

"कुठे नाही?"

"कुठेच नाही."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. प्रत्येक खेळाडूला पायपुसण्याएवढा हिरव्या चटईचा एक तुकडा देतात. चेंडू जिथे पडेल तिथे जायचं, चटई टाकायची, तिच्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा, चटई उचलायची, पुढे चालायचं. होलच्या भोवतीची जागा म्हणजे तेल शिंपडून दाबलेली वाळू. आपला फटका झाला की मागच्यांसाठी ती दाताळ्याने सारखी करायची.

मी विचारलं, "आणि मुखपृष्ठावरचं हिरवं?"

"ती चटईच आहे, साहेब. तो माणूस तिच्यावर उभा आहे. खरं तर उभं राहायचं नसतं."

फोन ठेवला तेव्हा धाकटी समोर फ्रेमी पुसत बसली होती. तिने माहितीपत्रक उचललं, उलटलं आणि तिसऱ्या पानाच्या तळची ओळ घडाघडा वाचून दाखवली. "हे मैदान संपूर्ण वाळूचे असून गवत नाही, याची खेळाडूंनी नोंद घ्यावी." मग मला म्हणाली, "हे तुम्ही वाचलं नव्हतं?"

"छपाई बारीक आहे."

"मला चष्म्याशिवाय वाचता आलं."

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला लिहावं की नाही, हा विचार करतोय. ताईंकडून कळायचं ते कळेलच, तेव्हा माझ्या बाजूने आधी लिहिलेलं बरं. तिने दुकानाचं दार आतून लावलं आणि मला माझ्याच तपासणीच्या खुर्चीत बसवलं. मी समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत न अडखळता म्हणून दाखवला. एकतीस वर्षं मी तो लोकांकडून वाचून घेतोय, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. तिच्याही ते लक्षात आलं. तिने खुर्ची खिडकीकडे फिरवली.

"समोर काय दिसतंय?"

"औषधाचं दुकान."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"औषधं असंच लिहिलं असणार."

"दुकान भाड्याने देणे आहे, असं लिहिलंय. औषधवाला जाऊन आठ महिने झाले."

साडूभाऊ, गेले आठ महिने मी रोज सकाळी त्या दुकानाकडे बघून हात हलवत होतो.

तिने डोळ्यांवर चौकट चढवली आणि एकेक भिंग घालत गेली. माझ्याच हाताखाली शिकलेली आहे, हात हलका आहे. दोन्ही नंबर सापडले, जवळचा आणि दूरचा. ते इथे लिहीत नाही. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ काढून पोट भरलं, स्वतःच्या डोळ्यात मुसळ होतं, एवढंच समजा.

"हे एका वर्षात झालेलं नाही," ती म्हणाली. "कधीपासून?"

"हळूहळू होतं ते. माणसाला कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही? तुम्हाला?" मग म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी कसं दिसत होतं?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दार ठोठावू लागलं. कुठल्याही गिऱ्हाइकाचं मी आजवर एवढं प्रेमाने स्वागत केलेलं नाही. त्याला नुसता स्क्रू बसवून हवा होता.

तर आता प्रश्न असा, की चटईवर खेळायची तुमची तयारी आहे का? गवताबद्दल तुम्ही आधीच लिहिलं होतं हे मान्य. त्यावर लाल शाई खर्च करू नये.

चष्मेवाला


१६ डिसेंबर, घरून

साडूभाऊ,

धाकटी तुमच्याकडे आली आहे, म्हणजे तिचं खुशाल मला विचारायची गरज नाही. मागे चिठ्ठी ठेवून गेली. "चौदाव्या होलचं खरं काय ते त्यांना लिहा. मला सांगून भागणार नाही. कपडे वाळत घातलेत, संध्याकाळी काढा."

कपडे काढले. घड्याही केल्या. भांडी घासली, ती घासलेलीच होती. घड्याळाला किल्ली दिली. आता दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून बसलोय. आज शेजारी कुणी नाही, तेव्हा शब्द कुणी सुचवलेले नाहीत आणि कुणी खोडणारही नाही.

त्या दिवशी झुडपांपाशी मी आधी पोचलो. खाली दोन पांढरे ठिपके होते. तुम्ही तुमच्या चेंडूवर नेहमी एक छोटा त्रिकोण काढता, मोजणीच्या खुणेसारखा. मला तो उभ्याने दिसला नाही. वाकून बघायला हवं होतं. पण तीस माणसं बघत होती, आणि चष्मेवाला वाकून, डोळे बारीक करून चेंडू ओळखतोय हे दृश्य मला नको होतं. त्याआधी वर्षभर मी हेच सांभाळत होतो. बिलं धाकटीकडून वाचून घ्यायचो, म्हणायचो हात ओले आहेत. मी अंदाजाने एक चेंडू निवडला आणि मारला. आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका लागला. पुढचा फटका, आणि चेंडू होलमध्ये.

तुम्ही मागून म्हणालात, "तो माझा होता." शांतपणे म्हणालात.

मी होलमधून चेंडू काढला, हात लांब केला, उन्हाकडे धरला. त्रिकोण होता.

इथवर चूक होती, साडूभाऊ. कुणाचीही होते. इथून पुढे जे केलं त्याला मी आजवर गैरसमज म्हणत आलो. तो चेंडू मी डाव्या खिशात टाकला आणि उजव्या खिशातून माझा दुसरा काढून सगळ्यांना दाखवला. तुम्ही म्हणालात, "खिसा दाखवा." तेव्हा मी लोकांकडे वळून बोललो, "यांचे डोळे मी तपासतो. यांचा नंबर किती वाढलाय ते मला माहीत आहे. एवढ्या लांबून यांना हत्ती दिसला तरी पुरे." वाक्य चांगलं जमलं होतं. सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, आणि मला जाणवलं की क्षणभर तुम्ही विचारात पडलात, की खरंच असेल का?

तुमचा नंबर वाढला नव्हता. दोनच महिने आधी मी तपासला होता. तुमच्या वयाच्या माणसाची एवढी चांगली दूरची नजर मी पाहिली नव्हती, धाकटीला तसं बोललोही होतो.

चषक मी तीन महिने शोकेसमध्ये ठेवला, मग आत टाकला. तुमचा चेंडू त्याच संध्याकाळी क्लबच्या तळ्यात फेकला. आणि नव्या रुग्णालयाच्या जागेची मोजणी तुमच्याकडून काढून घेतली, हे मला पुढच्याच महिन्यात कळलं होतं. ठेकेदार त्या तीस माणसांत होता. वर्षभरात तुम्ही काम सोडलंत. ताईंनी धाकटीला सांगितलं, "कंटाळले म्हणतात." मी जेवत होतो. मीठ मागितलं.

याबद्दल मी दिलगीर आहे. हा शब्द इथे पुरत नाही हे मलाही दिसतंय, आणि आता मला बरंच दिसतं. धाकटीने चष्मा करून ठेवलाय. तो लावूनच लिहितोय.

चष्मेवाला


९ जानेवारी, दुकानातून

साडूभाऊ,

धाकटी चौथ्या दिवशी परत आली. मी विचारलं, पत्र वाचून ते काय म्हणाले? ती म्हणाली, "काही नाही. वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बागेत पाणी घालायला गेले. आपल्या झाडांना घातलं, मग शेजाऱ्यांच्या झाडांना घातलं. शेजारी बघत उभे होते."

त्यानंतर दोन आठवडे तुमच्याकडून अक्षर नाही. लाल शाईचीसुद्धा वाट बघायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

मग गेल्या रविवारी मी क्लबमध्ये गेलो. सगळे चहाला जमतात त्या वेळेलाच गेलो आणि खुर्चीवर उभं राहून चौदाव्या होलवर मी काय केलं त्याचं लेखी निवेदन वाचून दाखवलं. वाटलं होतं, सन्नाटा पसरेल. पहिला प्रश्न आला, "कोणता चेंडू?" दुसरा आला, "तुम्ही दोघं बोलत नव्हता?" एक बँकवाले म्हणाले की ती स्पर्धा आपणच जिंकलो होतो. सहा वर्षं ज्या गोष्टीवर मी पांघरूण घालत होतो ती कुणाच्या लक्षातही नव्हती. मला जरा वाईटच वाटलं.

एकट्या ठेकेदाराला आठवत होतं. तो कोपऱ्यात बसला होता. कप खाली ठेवून म्हणाला, "रुग्णालयाच्या कामाला मी त्यांना नाही म्हटलं ते तुमच्या त्या बोलण्यावरून. चष्मेवाला आणि वर सख्खा साडू सांगतोय, तर खरंच असणार, म्हटलं. नंतर ज्याला दिलं त्याने कुंपण चार हात शेजारच्या जागेत घातलं." मग त्याने मान फिरवली. ते बरोबरच केलं.

निवेदन फळ्यावर लावलंय. सेक्रेटरीने आधी शुद्धलेखन तपासलं. 'निर्लज्जपणे' या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "जरा जास्त वाटत नाही का?" मी म्हटलं, राहू द्या. एका हरवलेल्या छत्रीच्या सूचनेशेजारी आहे. पंधरा दिवस राहील, नियम तसा आहे.

आणि काल तुम्ही आलात. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण चौकटीच्या आडून तुम्हाला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून माझ्याकडून काय झालं ते सांगतो. दार उघडून तुम्ही सरळ खुर्चीत येऊन बसलात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. हातातली चिठ्ठी मला दिली, "डोळे तपासावे." मी तुमच्या चष्म्याकडे बघितलं. सहा वर्षांपूर्वी मीच दिलेला होता. काडीला दोरा गुंडाळला होता. 'हनुवटी वर करा' हे तीन शब्द मला दोनदा म्हणावे लागले.

तक्ता तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात. माझी खात्री पटेना, कुणाची पटणार? मी खुर्ची खिडकीकडे फिरवली. समोरच्या भाड्याच्या पाटीवरचा मालकाचा फोन नंबर तुम्ही एकेक आकडा करून वाचलात, आणि त्याखाली रंगाऱ्याने आपलं नाव घातलंय तेही. माझी वही तुमच्यासमोर उघडी होती. तुमच्या जुन्या नोंदीखाली मी कालची तारीख घातली.

सोबत दाखला जोडला आहे. त्यावर दुकानाचा शिक्का आहे, सही आहे. दूरची नजर निर्दोष. सहा वर्षांपूर्वी जशी होती तशीच. जवळचा नंबर थोडा वाढलाय तो वयाचा, त्याचा नवा चष्मा गुरुवारी तयार होईल.

तुम्ही जाताना दारात थांबलात आणि टेबलावर दुसरी चिठ्ठी ठेवलीत. "१० फेब्रुवारी. गाडी किती वाजता?"

सकाळी सव्वासातला, साडूभाऊ. आम्ही सहालाच येऊन थांबतो.

चष्मेवाला


१४ फेब्रुवारी, वाळवंटातून, खोली क्रमांक दोन

साडूभाऊ,

तुम्ही शेजारच्या खोलीत आहात. भिंतीतून तुमचं नाक शिंकरणं ऐकू येतंय, सकाळच्या वादळाची वाळू अजून निघायची आहे. तरी लिहितोय. का, ते पुढे येईल.

पहिले दोन दिवस आपण कसे खेळलो ते कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. मी मारायचो, चेंडू कुठे जायचा ते मला कळायचं नाही. चष्मा आहे, पण दुहेरी नंबरचा, खाली बघितलं की चेंडू जवळ येतो आणि जमीन लांब जाते. एकदा तर चटईच माझ्या चेंडूपेक्षा पुढे गेली. तुम्हाला सगळं दिसत होतं. पण तुम्ही छत्रीखाली बसलेल्या ताईंना ओरडून सांगायचात, "त्यांना सांग, खडकाच्या डावीकडे." ताई ते धाकटीला सांगायच्या. धाकटी मला ओरडायची, "अहो, ते म्हणतात खड्ड्याच्या डावीकडे!" मी खड्डा शोधायला जायचो. तिथे खड्डा नसायचा. आठ चेंडू गेले. दोघींना इतकं हसू येत होतं की ताई गुडघे विसरून उठून उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले होते ते खरं, उन्हाने फरक पडतो.

आणि आज सकाळी वाळूचं वादळ आलं. दोघी अंगणाजवळ होत्या, त्या आत पळाल्या. आपण अकराव्या होलवर अडकलो आणि दाताळी ठेवायच्या त्या पत्र्याच्या खोपटात शिरलो. दोन माणसं, नऊ दाताळी आणि तेलाचा डबा. निरोप पोचवायला तिसरं कुणी नाही. पत्रा वाजत होता. मला वाटलं, आता तासभर असंच एकमेकांचे बूट बघत बसायचं.

तुम्ही बुटांकडे बघतच बोललात.

"ते काम गेल्यावर मी महिनाभर रोज बसने रुग्णालयाच्या जागेवरून जायचो. पलीकडच्या कुंपणावर एक पाटी होती. खिडकीतून ती वाचायचो. रोज वाचता यायची. आणि रोज वाटायचं, पाठ झाली असेल."

साडूभाऊ, मी पत्रांत बरंच काही लिहिलं होतं, पण हे मला सुचलं नव्हतं. तुम्ही माझ्यावर चिडून बोलत नाही, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. तुमचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला, तुम्ही दुसऱ्या कुणाकडे तपासायलाही गेला नाहीत, कारण तोही 'नंबर वाढलाय' म्हणाला तर काय, हे मला कळायला पत्र्याच्या खोपटात बसावं लागलं.

मग तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी तुम्हाला नक्की काय दिसत होतं?"

"पांढरं काहीतरी."

"आणि मी?"

"तुम्हीसुद्धा."

तुम्ही म्हणालात, "मी पांढरा सदरा घातला होता." मग तुम्हाला ठसका लागला. वाळू घशात गेली असं समजून मी तुमची पाठ थोपटू लागलो, चांगली जोरात थोपटली. तेव्हा कळलं की तुम्ही हसताय. दाताळी पडली. तेलाचा डबा लवंडला. आपण बाहेर आलो तेव्हा दोघांच्याही विजारी होलभोवतीच्या वाळूसारख्या झाल्या होत्या आणि ते शांत गृहस्थ चटया गोळा करत आपल्याकडे बघत होते.

हसणं झालं म्हणजे मिटलं, असं मी समजत नाही. परत येताना तुम्ही म्हणालात, "त्या जागेचं मी विसरणार नाही." विसरू नका. मीही विसरणार नाही.

आता का लिहितोय ते. मघाशी जेवून उठल्यावर मी माझ्या पत्रांची खरडलेली कच्ची पानं काढून बघितली. खेद आहे, दिलगीर आहे, गैरसमज आहे, व्यावसायिक मत आहे. एक साधं वाक्य कुठेच नाही, आणि खोपटातही ते माझ्या तोंडून निघालं नाही. माझं चुकलं. तुमच्या नजरेबद्दल मी खोटं बोललो, आणि तुम्ही ते खरं मानलंत, कारण मी चष्मेवाला होतो आणि घरचा होतो. माझं चुकलं, साडूभाऊ.

पत्र दाराखालून सरकवणार होतो. पण बाहेर अंगणात कुणीतरी केव्हाचं हाका मारतंय, "अहो, येताय का? चहा गार होतोय." धाकटी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. आत्ता पुन्हा हाक आली. धाकटीचा आवाज एवढा खर्जातला नाही.

आलो.